संघाची बदली

बदली हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांना काही नवा नाही. नोकरी बँकेतली असो, पोस्टातली असो की रेल्वेतली, एके दिवशी हुकूम हातात पडतो. मग गोणपाटात भांडी बांधली जातात, मुलांच्या शाळेचे दाखले काढले जातात, शेजारणी डोळ्यांना पदर लावतात आणि सामानाचा ट्रक कोपऱ्यावरून वळतो. महिनाभरात त्याच दोन खोल्यांत दुसरे बिऱ्हाड येते आणि साखरेची वाटी पुन्हा इकडून तिकडे जाऊ लागते. याचे कोणाला नवल वाटत नाही. कारण बदली नोकराची होते, गावाची होत नाही. पर्वतीची नाशिकला बदली झाली, किंवा लकडी पूल सोलापूरला रुजू झाला, असे अजून तरी कोणी ऐकलेले नाही.

गावाच्या नावाने मैदानात उतरणारा संघ तसा पाहिला तर या पर्वतीच्याच जातीचा असायला हवा. पण २०१९ साली पुण्याच्या फुटबॉल संघाची हैदराबादला बदली झाली. तिथे सहा वर्षे काढल्यावर २०२५ च्या ऑक्टोबरात तेच बिऱ्हाड दिल्लीला हलले. या सगळ्या हलवाहलवीत ज्यांना कोणी काही विचारले नाही, त्यांत माझा एक भाचा आहे. त्याच्या वतीने आज ही हकीगत सांगायची आहे. फुटबॉलचे ज्यांना वावडे असेल त्यांनीही पान उलटू नये. ही गोष्ट चेंडूची कमी आणि घरमालकाची जास्त आहे.

पुणे आणि फुटबॉल ही जोडी उच्चारली की पेठेतला माणूस आजही भुवया उंचावतो. आमचे गाव प्रा. दि. ब. देवधरांचे, म्हणजे क्रिकेटचे. फुटबॉल नांदला तो लष्करात आणि खडकीला, पलटणींच्या मागोमाग. मुंबईची गोष्ट निराळी. तिथे १८९१ सालापासून रोव्हर्स कप होता, कूपरेजचे मैदान होते आणि पुढे महिंद्रांसारख्या कारखानदारांचे संघही होते. पुण्याला स्वतःचा म्हणावा असा व्यावसायिक संघ मिळाला तो २००७ साली. पिरामल उद्योगसमूहाने पुणे एफसी काढला. हा संघ सरळमार्गी निघाला. दुसऱ्या श्रेणीत खेळला, जिंकला, वर चढला. आणि आय-लीग या त्या वेळच्या देशातल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत २००९-१० च्या पहिल्याच हंगामात त्याने तिसरा क्रमांक पटकावला. २०१२-१३ साली तर तो दुसरा आला. पुढे होता तो फक्त गोव्याचा चर्चिल ब्रदर्स.

मग २०१४ साल उजाडले आणि इंडियन सुपर लीग आली. इथे माझ्या वाचकभगिनींसाठी जरा हिशेब समजावून सांगतो, कारण पुढची सारी रड या हिशेबातच आहे. जुन्या पद्धतीत संघ म्हणजे एक मंडळ असते. चांगला खेळला तर वरच्या वर्गात जातो, वाईट खेळला तर खाली घसरतो, अगदी शाळेतल्या पोरासारखा. नव्या पद्धतीत तसे नव्हते. लीगमध्ये आठ जागा होत्या आणि त्या पैसेवाल्या मंडळींनी बोली लावून घेतल्या. एकाने कोलकाता घेतले, एकाने गोवे, एकाने पुणे. सुरुवातीच्या वर्षांत वर चढणेही नव्हते आणि घसरणेही नव्हते. नव्या इमारतीत तळमजल्याला दुकानाचे गाळे विकतात ना, तसा हा व्यवहार. गाळा ज्याच्या नावावर तो त्यात आज साड्या विकेल, उद्या औषधे. आणि परवडले नाही तर कुलूप लावून निघून जाईल. गिऱ्हाईकाने तक्रार कोणाकडे करायची?

पुण्याचा गाळा वाधवान उद्योगसमूहाने घेतला. जोडीला सिनेमातले नट होते, इटलीतल्या फिओरेंटिना या नामांकित संघाशी करार होता आणि नाव ठेवले एफसी पुणे सिटी. खेळायचे मैदान बालेवाडीचे, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी जे संकुल उभे राहिले तेच. पहिल्याच वर्षी डेव्हिड त्रेझेगे आला. १९९८ साली विश्वचषक जिंकलेल्या फ्रेंच संघातला हा खेळाडू. २००० च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीवर निर्णायक गोल मारणाराही हाच. तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता, हे खरे. पण आपल्या बालेवाडीच्या गवतावर त्रेझेगे धावतो आहे, हे दृश्यच नववीतल्या पोराला वेड लावायला पुरेसे होते.

ते नववीतले पोर म्हणजे माझा भाचा. त्याने वाढदिवसाच्या पैशांतून नारिंगी सदरा घेतला. पाठिराख्यांच्या टोळीचे नावच ‘ऑरेंज आर्मी’ होते. सामन्याच्या दिवशी कोथरुडहून दोघा-तिघा मित्रांना घेऊन बसने बालेवाडीला जायचे, नव्वद मिनिटे घसा फोडायचा आणि रात्री साडेदहाला आवाज हरवून घरी यायचे, हा त्याचा नेम. आमची ताई म्हणायची, “अरे, एवढ्या जोराने पाढे म्हटले असतेस तर गणितात पहिला आला असतास.” तो म्हणायचा, “आई, पाढे हरत नाहीत. संघ हरतो. त्याला ओरडून सांगावं लागतं.”

आणि संघ हरतही असे. पहिली तीन वर्षे उपांत्य फेरीचे दार काही उघडले नाही. प्रशिक्षक येत होते, जात होते. इटलीचा आला, इंग्लंडचा आला, स्पेनचा आला. त्याच सुमारास पुण्यात आणखी एक नवल चालू होते. पुणे एफसी होताच. २०१४ च्या नोव्हेंबरात कल्याणी समूहाने भारत एफसी काढला. २०१५-१६ पासून डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आला. एका गावात एवढे संघ! कोलकात्यालाही हेवा वाटावा. पण भारत एफसी एका हंगामात शेवटचा आला आणि २०१५ साली बंद झाला. पुणे एफसीने त्याच वर्षी आपला मोठा संघ आवरता घेतला. त्याची मुलांची अकादमी पुढच्या वर्षी पुणे सिटीकडे गेली. शिवाजियन्स २०१७ साली बाहेर पडला. खेळात हरणे समजते, पण हे संघ मैदानावर मेले नाहीत. ते हिशेबाच्या वहीत मेले. तोट्याची बाकी दरवर्षी पुढे ओढायची तरी किती, असा मालकांचा प्रश्न असणार, आणि तो मालकाच्या बाजूने पाहिला तर खोटाही नाही.

राहता राहिला पुणे सिटी. २०१७-१८ चा हंगाम त्याचा सोन्याचा. रान्को पोपोविच प्रशिक्षक, पुढे मार्सेलिन्यो आणि अल्फारो ही जोडी. संघ साखळीत चौथा आला आणि इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. समोर बेंगळुरू. ७ मार्च २०१८ रोजी पहिला सामना बालेवाडीला झाला, आणि भाच्याने मलाही ओढून नेले. गोल एकही झाला नाही. ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांना शून्य-शून्य म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. पण तिथे बसलेल्या पोरांचे चेहरे पाहिले असते तर कळले असते की शून्यातही केवढी आशा मावते! चार दिवसांनी बेंगळुरूला सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले आणि पुणे १-३ असे हरले. भाचा त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “मामा, पुढच्या वर्षी बघा.”

पुढच्या वर्षी संघ सातवा आला. आणि त्याच्या पुढच्या वर्षी संघच नव्हता.

मालकांच्या मूळ धंद्याची आर्थिक घडी विस्कटली होती. खेळाडू, प्रशिक्षक, विमानाची तिकिटे, मैदानाचे भाडे यांना लागणारा पैसा आणायचा कुठून? २०१९ च्या ऑगस्टच्या शेवटी जाहीर झाले की पुण्याची जागा आता हैदराबाद घेणार. नवे मालक, नवे नाव, नवा पिवळा सदरा. कायद्याच्या भाषेत हा नवा संघ. पण प्रशिक्षक फिल ब्राऊन पुण्याचेच गेले, मार्सेलिन्यो गेला, आदिल खान गेला, निखिल पुजारी, आशिष राय गेले. भांडीकुंडी तीच, फक्त दारावरची पाटी बदलली. त्याच आठवड्यात दिल्लीचा डायनामोज संघही भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. आठवड्याभरात दोन शहरांचे संघ हलले. आणि ही बातमी ऑरेंज आर्मीतल्या माझ्या भाच्याला इतरांसारखीच मोबाइलवर वाचून कळली. तो म्हणाला, “मामा, फुटबॉलमध्ये बदली खेळाडू असतो, हे माहीत होतं. बदली गाव असतं, हे आज कळलं.”

तसे हे अमेरिकेत जुनेच आहे. तिथल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमधला सॅन अँटोनियोचा संघ १९७७ साली थेट होनोलुलूला नेला आणि ‘टीम हवाई’ म्हणून खेळवला. सामना खेळायचा तर प्रतिपक्षाने अर्धा प्रशांत महासागर ओलांडायचा! एकच हंगाम झाला. पुढच्या वर्षी संघ ओक्लाहोमातल्या टल्सा गावी गेला आणि १९८३ साली तिथे विजेताही झाला. पण १९८४ च्या हंगामानंतर ती लीगच बुडाली. ज्या झाडाला दर दोन वर्षांनी उपटून दुसरीकडे लावायचे, त्याला एखादे वर्ष फळ धरेलही. मूळ मात्र धरत नाही.

आपल्याकडेही नेमके तसेच झाले. हैदराबादचा पहिला हंगाम करुण होता: पहिल्याच सामन्यात कोलकात्यात पाच गोलांनी पराभव आणि शेवटी तळाचा क्रमांक. पण मानोलो मार्केझ नावाचा स्पॅनिश प्रशिक्षक आला, त्याने तरुण भारतीय मुलांवर भरवसा टाकला, आणि २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबाद अंतिम सामन्यात उतरले. केरळ एका गोलाने पुढे होते. ८८ व्या मिनिटाला साहिल तावोरा या गोव्याच्या पोराने बरोबरी साधली, आणि पेनल्टीत गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवले. हैदराबाद विजेते!

भाचा दूरदर्शन संचासमोर बसला होता. निखिल पुजारी आणि आशिष राय झळकले की त्याचा हात टाळीसाठी वर जाई आणि अर्ध्यावर थांबे. “आनंद होतोय की नाही तुला?” मी विचारले. तो म्हणाला, “मामा, आपली विकलेली सायकल दुसऱ्याच्या मुलाला शर्यत जिंकून देते आहे, असं वाटतंय. सायकलचं कौतुक वाटतं. पण घंटी वाजली की पोटात कसंसंच होतं.”

पुढचे वर्षही हैदराबादला बरे गेले. मग २०२३-२४ साली तिथेही जुनेच दुखणे उपटले. खेळाडूंचे पगार थकले, नवे खेळाडू घ्यायला बंदी आली, परदेशी खेळाडू निघून गेले. उरलेल्या कोवळ्या पोरांनी बावीस सामन्यांत एकच जिंकला. पगार थकला असतानाही ती पोरे दर आठवड्याला बूट बांधून उतरली, याला मी मोठी गोष्ट समजतो. महिनाअखेरीला पगार लांबला तर घरात काय होते, हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको. २०२४ साली मालकी पुन्हा बदलून बी. सी. जिंदाल समूहाकडे गेली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात संघ ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाला. ज्या दिल्लीने २०१९ साली आपला संघ गमावला तिलाच सहा वर्षांनी दुसऱ्याचा संघ मिळाला. लहानपणी आपण संगीतखुर्ची खेळायचो, तेव्हा गाणे थांबल्यावर एक पोर उभे राहायचे. इथे शहर उभे राहते.

आणि उभे राहिलेले शहर कुठले? हैदराबाद! जुन्या मुंबईकर वाचकांना आठवत असेल, किंवा वडिलांकडून ऐकले असेल, की १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकून नेला तो हैदराबाद सिटी पोलीस या संघाने. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारताचा संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्त्याला आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. असे ज्याचे घराणे, त्या गावालाही ‘उद्यापासून तुमचा संघ दिल्लीला’ एवढे सांगून मोकळे झाले.

भाच्याच्या कचेरीत एक हैदराबादी तरुण आहे. पिवळ्या सदऱ्याचा भक्त. आम्हां पुणेकरांचा स्वभाव पाहता ‘बरी जिरली’ म्हणण्याची ही नामी संधी होती. पण भाच्याने त्याला शेजारच्या टपरीवर नेऊन चहा पाजला आणि म्हणाला, “पहिलं वर्ष जड जातं. सदरा फेकू नकोस. नंतर वाईट वाटतं.” दोघांनी एकाच संघावर प्रेम केले होते, फक्त पाळीपाळीने.

मग यावर उपाय काय? मालकांना शिव्या देणे सोपे आहे. पण पैसा त्यांचा, तोटाही त्यांचाच. मला दोन उदाहरणे दिसतात. लंडनच्या विम्बल्डन गावचा फुटबॉल संघ २००३ साली मालकांनी नव्वद-एक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला नेला. तशी परवानगी २००२ सालीच मिळाली होती. पाठिराख्यांनी सुतक पाळले नाही. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा संघ काढला, गावच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली आणि नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली. नऊ वर्षांत, २०११ साली, तो संघ इंग्लंडच्या मुख्य लीगमध्ये पोचला, आणि २०२० साली आपल्या जुन्या प्लाऊ लेनवर नव्या मैदानात परत आला. मालक कोण? वर्गणी भरणारे पाठिराखे.

दुसरे उदाहरण आपल्या कोलकात्याचे. मोहन बागानसारख्या १८८९ सालच्या संघाच्या नावापुढे २०२० साली ‘एटीके’ ही व्यापारी अक्षरे चिकटली. पाठिराख्यांनी तीन वर्षे आरडाओरडा थांबवला नाही, आणि २०२३ साली ती अक्षरे गेली. मालक तेच राहिले, पण घरावरची पाटी कोणाच्या नावाची असावी, हे भाडेकरूंनी ठरवले! कारण ते स्वतःला भाडेकरू समजतच नव्हते. तीन-चार पिढ्या ज्या घरात इलिश आणि चिंगडीवरून भांडल्या, तिथे मालकालाही जपून बोलावे लागते.

पुण्याला आणि हैदराबादच्या नव्या संघाला ती पिढ्यांची पुंजी मिळाली नाही. पाच वर्षांत सदरे विकता येतात, आठवणी साठवता येत नाहीत. म्हणून माझे म्हणणे एवढेच की वरून आणलेला संघ टिकवायचा तर त्याच्याखाली गावाचा पाया हवा. शाळाशाळांतले सामने हवेत, जिल्हा लीग हवी, आणि रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला उभे राहणारे आईबाप हवेत. आपण मुलाला गणिताच्या शिकवणीला सोडायला जातो तेव्हा कितीतरी तत्पर असतो. त्याच्या सामन्याला मात्र ‘तू जा, आम्ही नंतर येतो’ म्हणतो आणि येत नाही. ज्या गावात पोरांच्या सामन्याला माणसे येत नाहीत त्या गावाच्या मोठ्या संघाला एखादा मालक किती वर्षे पोसणार?

भाचा आता सत्तावीस वर्षांचा आहे. रोज हिंजवडीला जाताना बालेवाडीवरून जातो. पण रविवारी सकाळी तो असतो तो एका छोट्या मंडळाच्या मैदानावर. बारा-तेरा वर्षांची पोरे, चुन्याच्या वाकड्या रेषा, एका बाजूच्या गोलखांबाला सुतळीने बांधलेली जाळी. हा शिटी वाजवतो, पोरांच्या गुडघ्यांना औषध लावतो आणि महिन्याची वर्गणी गोळा करतो. गेल्या महिन्यात माझ्याकडेही आला. मी विचारले, “काय रे, तुमचा हा संघ तरी कुठे जाणार नाही ना?”

“जाईल की,” तो पावती फाडत म्हणाला, “पाऊस पडला तर पलीकडच्या शाळेच्या मैदानावर.”